पांगुळगाडा आणि आपली फरशी

नमस्कार मंडळी, आज घरातलाच विषय काढलाय, बाळाचा पांगुळगाडा. आता दुकानात त्याला पुश वॉकर म्हणतात, प्लॅस्टिकचा येतो, पुढे पियानो, फोन, लाईट काय काय लावलेलं असतं, पण वस्तू तीच, बाळाने उभं राहून दांडी धरायची आणि ढकलत चालायचं.

आधी एक गोंधळ मिटवू. मध्ये कापडी सीट असते, बाळाला आत बसवतात, खाली गोल चौकटीला चाकं असतात, तो वॉकर वेगळा आणि तो घेऊ नका, कोणी हौसेने आणून दिला तरी वापरू नका. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. अमेरिकेत १९९० ते २०१४ मध्ये त्याच्यामुळे अंदाजे दोन लाख तीस हजार बाळांना इमर्जन्सीत न्यावं लागलं आणि चारातली जवळजवळ तीन जिन्यावरून पडलेली. त्यात बसलेलं पोर सेकंदाला तीनेक फूट जातं हो, आपण हातातली कढई खाली ठेवेपर्यंत ते जिन्यापाशी. बरं त्यात बसून चालायला लवकर येतं म्हणावं तर तेही नाही, कारण तोल सांभाळायचं काम सीटच करते, बाळ नुसतं चवड्यांनी ढकलत राहतं.

तर आपला गाडा. नातू सोफ्याला धरून चालायला लागला तशी मी माळ्यावरून जुना लाकडी पांगुळगाडा काढला, सासऱ्यांनी सावंतवाडीहून आणलेला, तीन चाकी. पुसला, खिळे बघितले, पोराला उभं केलं आणि गाडा सटकन पुढे गेला, पोर तोंडावर, ओठ फुटला, घरभर रडारड. मुलगी म्हणाली आई ठेवून दे हा प्रकार. पण मला कळेना, हीच मुलगी ह्याच गाड्यावर चालायला शिकलेली, तेव्हा कसा पळाला नाही हा?

मग लक्षात आलं, तेव्हा आम्ही गावी होतो, शेणाने सारवलेली जमीन. लाकडी चाक त्यात अडकत अडकत जायचं, खर्र खर्र, म्हणजे ब्रेक जमिनीतच होता. आता फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, वर सकाळी फिनाइलचं पोछा मारलेलं. गाड्याची चूक नव्हती, फरशी बदलली होती.

सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणली, दोन बोटं रुंदीच्या गोल पट्ट्या कापल्या आणि चाकांवर ताणून बसवल्या. दोन किलो तांदूळ जुन्या अभ्र्यात बांधून खालच्या फळीवर घट्ट आवळले. गाडा जड झाला, बाळाने जोर लावला तरच हलायला लागला.

म्हणून नवीन घेताना रंग, गाणी नंतर बघा. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि एका बोटाने ढकला, पळाला तर नको, किंवा चाकं टाइट करायची सोय आहे का विचारा. मग दांडी वरून दाबा, कारण बाळ ओढत ओढत उभं राहतं तेव्हा सगळं वजन तिथेच येतं. दांडी मागच्या चाकांच्याही मागे आलेली असेल तर गाडा बाळाच्या अंगावर उलटतो, ती चाकांच्या थोडी पुढेच पाहिजे. उंची बाळाच्या कंबर आणि छातीच्या मध्ये. लाकडावरून तळहात फिरवा, कुसळ लागतं का बघा. बॅटरीवाला असेल तर झाकण स्क्रूचंच हवं, बटण सेल पोराने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, तसा नुसता संशय आला तरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. आणि २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो शोधा (नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे हातची लाकडी वस्तू असली तर जास्त बारकाईने बघा).

कधी द्यायचा, तर महिने मोजून नाही. बाळ आपलं आपण धरून उभं राहतंय, सोफ्याच्या कडेकडेने पावलं टाकतंय, मग द्या. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासकट पाच देशांतली बाळं बघितली तर कोणी आठ महिने झाल्यावर एकटं चाललं, कोणी सतरा महिने उलटल्यावर. त्यामुळे शेजारच्या चिंगीने दहाव्यात पाऊल टाकलं म्हणून आपल्या पोराला गाड्याला लटकवायची गरज नाही. अठरा महिने झाले तरी चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि गाडा नाही घेतला तरी काही अडत नाही, पोरं तशीही चालतात.

पायात मोजे नकोत, अनवाणीच, बोटांनी फरशी धरता येते. जिन्याला गेट किंवा फळी, गॅलरीचं दार बंद. उंबरठ्याला चाक अडलं की गाडा थांबतो पण पोर वरून पुढे जातं, म्हणून एकाच खोलीत चालवा. टेबलक्लॉथ काढून ठेवा, चहाचा कप कडेला नको. उभं राहिल्यावर पोराचा हात कुठवर पोचतो हे आपल्याला वस्तू पडल्यावरच कळतं, आमच्याकडे देवघरातली समई अशीच लवंडली, नशीब पेटलेली नव्हती. दहा-पंधरा मिनिटं खूप झाली, आणि तेवढा वेळ आपण शेजारी, मोबाइल बाजूला ठेवून. झालं की गाडा उचलून ठेवायचा, नाहीतर पोर त्यावर चढायला बघतं.

आमचा नातू आता गाड्याशिवाय पळतो. गाडा डोंबिवलीला भाच्याकडे निघालाय, त्यांच्याकडे तर मार्बल आहे, त्यामुळे सैल झालेल्या ट्यूबच्या पट्ट्या काढून उद्या नव्या बसवायच्यात, तांदूळ त्यांचे ते घेतील. बराय मंडळी, नमस्कार.