हॉपकिन्टन ते बॉयलस्टन स्ट्रीट: अकरा वर्षांचा पल्ला

श्रोतेहो, नमस्कार.

16 एप्रिल 2018. सोमवार, बॉस्टन मॅरेथॉनचा दिवस. शर्यत हॉपकिन्टन गावातून निघते आणि बॉस्टनच्या बॉयलस्टन स्ट्रीटवर संपते. पाऊस कोसळतोय, वारा थेट तोंडावर आणि पारा जेमतेम तीन-चार अंशांवर. भलेभले धावपटू एकेक करून शर्यत सोडतायत. 34 वर्षांची अमेरिकन धावपटू डेझिरे लिंडेनही मनातून शर्यत सोडायच्याच बेतात. शेजारून धावणाऱ्या शेलेन फ्लॅनगनला ती सांगते, वारा अडवायला वगैरे माझी गरज लागली तर सांग, मी बहुधा थांबणारच आहे. थोड्या वेळानं फ्लॅनगन रस्त्याकडेच्या स्वच्छतागृहात शिरते. लिंडेन आपली चाल मुद्दाम मंदावते, तिची वाट बघते आणि तिला परत पुढच्या घोळक्यापर्यंत आणून सोडते. मग मॉली हडल या आणखी एका अमेरिकन धावपटूलाही हात देते. हे सगळं करता करता तिच्या ध्यानात येतं, अरे, आपल्यापुढे तर फारसं कुणी उरलेलंच नाही! 35 किलोमीटरच्या आसपास ती इथिओपियाच्या मामितु दास्काला मागे टाकते आणि 2 तास 39 मिनिटे 54 सेकंदांत जिंकते. बॉस्टनला अमेरिकन स्त्री पहिली येत होती ती तब्बल 33 वर्षांनी.

त्या ओल्या रस्त्यावरच्या या तिघी कॉलेजच्या ॲथलेटिक्समधून आलेल्या. अमेरिकेत कॉलेजच्या धावपटूचं वर्ष तीन हंगामांत वाटलेलं असतं. शरदात क्रॉस कंट्री, म्हणजे माळरानावरची शर्यत, हिवाळ्यात छताखालचा ट्रॅक, वसंतात मोकळं मैदान. प्रत्येक प्रकारात असे चार हंगाम मिळतात. फ्लॅनगन तिथली क्रॉस कंट्रीची राष्ट्रीय विजेती, तीही लागोपाठ दोनदा, 2002 आणि 2003 मध्ये. ॲरिझोना स्टेटची लिंडेन चांगली होती, पण राष्ट्रीय विजेतेपद तिला एकदाही मिळालं नाही. 2005 साली कॉलेज संपलं, तेव्हा ही मुलगी पुढे बॉस्टन जिंकेल असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नसतं.

इथे जरा थांबू या. कॉलेजच्या ट्रॅकवर सगळ्यात लांब शर्यत 10,000 मीटरची. म्हणजे 25 फेऱ्या, अर्ध्या तासाच्या आसपासचा मामला. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर तेवढ्यात संपतच नाही. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची आणि तो साठा साधारण तिसाव्या किलोमीटरपुढे तळाला जातो. तिथे काय होतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. श्वास ठीक असतो, छाती ठीक असते, पण मांडीतून जणू कुणी दोर काढून घेतलेला असतो. पाऊल उचलायचं म्हटलं तरी पायाला ते ऐकूच जात नाही. त्यासाठी शरीराला चरबीवर चालायला शिकवावं लागतं, आठवड्याला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर धावून, वर्षानुवर्षं. हे शिक्षण चार हंगामांत बसत नाही. कॉलेजमधली वेळ बघून कुणाचं भवितव्य ठरवू नये असं मी म्हणतो, ते म्हणूनच.

लिंडेन मिशिगनला गेली. तिथे बुटांची दुकानं चालवणाऱ्या हॅन्सन बंधूंनी धावपटूंचा एक गट उभा केला होता, कॉलेज संपलेल्या पण अजून नाव न झालेल्या मुलामुलींसाठी. तिनं पहिली मॅरेथॉन धावली ती 2007 ची बॉस्टन. तेव्हाही वादळी पाऊस. वेळ 2 तास 44 मिनिटे 56 सेकंद. 2010 मध्ये शिकागोला तीच वेळ 2 तास 26 मिनिटे 20 सेकंदांवर आली. 2011 ला पुन्हा बॉस्टन, 2 तास 22 मिनिटे 38 सेकंद, आणि केनियाच्या कॅरोलिन किलेलच्या मागे दुसरी. दोन सेकंदांनी! 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दुखापतीनं सुरुवातीलाच थांबावं लागलं. 2016 ला रिओत ती सातवी आली. या साऱ्या वर्षांत टाळ्या कमीच वाजल्या असतील.

आता 2018 च्या त्याच शर्यतीत दुसरी कोण आली, ते ऐका. सारा सेलर्स. वेबर स्टेट कॉलेजची धावपटू, पायाच्या हाडाला तडा गेल्यानं कॉलेजातलं धावणं अर्धवट राहिलेलं. ॲरिझोनात पूर्णवेळ भूल देणारी नर्स. पहाटे चारला किंवा ड्यूटी संपल्यावर सराव, प्रवेश शुल्क स्वतःच्या खिशातून आणि आयुष्यातली ही दुसरीच मॅरेथॉन. शेवटची रेघ ओलांडल्यावर आपण कितव्या आलो हे तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलं. दुसरी, असं उत्तर आलं, तरी ते तिला चटकन कळेना. बक्षीस होतं 75,000 डॉलर.

तिची वेळ 2 तास 44 मिनिटे 4 सेकंद. अकरा वर्षांपूर्वी, तशाच वादळात, त्याच रस्त्यावर पहिल्यांदा धावलेल्या लिंडेनपेक्षा फक्त 52 सेकंदांनी कमी.

नमस्कार.