लामालेराचा वाटा

नमस्कार श्रोतेहो.

इंडोनेशियातल्या एका बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, काळ्या खडकाळ उतारावर एक गाव वसलं आहे. त्या गावात समुद्राकडे कुणा ना कुणाची नजर कायम असते. दूर पाण्यातून वाफेसारखा फवारा उडतो. सरळ वर न जाता तो पुढे तिरका झुकला, तर बघणाऱ्याला दुसरी खूण लागत नाही. तो ओरडतो, "बालेओ! बालेओ!" ती हाक खालच्या घरांतून वरच्या घरांत जाते, पोरं ती उचलतात, आणि काही मिनिटांत पुरुष हातातलं काम टाकून किनाऱ्याकडे धावत सुटलेले असतात.

गावाचं नाव लामालेरा. इंडोनेशियाच्या नकाशात फ्लोरेस बेट शोधा आणि तिथून पूर्वेला सरका. लहान लहान बेटांच्या रांगेत लेंबाता नावाचं बेट सापडेल. त्याची दक्षिण बाजू सावू समुद्राला भिडते आणि तिथेच हे गाव आहे. वरचं लामालेरा आणि खालचं लामालेरा असे त्याचे दोन भाग. दोन्ही मिळून वस्ती दोन हजारांच्या आसपास. जमीन ज्वालामुखीची, दगडाधोंड्यांची, पाऊस बेताचा. भात नाही, मका नावापुरता. शेतावर पोट भरणं इथे कधी जमलंच नाही. समुद्र मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खूप खोल होतो, आणि त्या खोल पाण्यातून देवमासे जातात.

देवमासा हा आपला शब्द. मासा नसलेल्या त्या प्राण्याला आपण मासाही म्हटलं आणि देवही म्हटलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत व्हेलचं एक पिल्लू येऊन अडकलं होतं, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. गावकऱ्यांनी त्याच्या अंगावर पाणी ओतलं, ओली कापडं टाकली, जीव तोडून त्याला पुन्हा पाण्यात ढकललं. ते जगलं नाही तेव्हा कितीतरी घरांतून हळहळ झाली. ती हळहळ मनात असताना आज मी तुम्हाला देवमाशाची शिकार करणाऱ्या गावाबद्दल सांगते आहे. ही शिकार ऐकायला मलाही जड जाते. पण त्या गावाकडे नीट बघायचं तर भाल्यापाशी थांबून चालत नाही. भाल्यानंतर काय होतं तेही बघावं लागतं, आणि माझं आजचं बोलणं मुख्यतः त्याबद्दलच आहे.

आधी होडीबद्दल सांगते. तिला पेलेदांग म्हणतात. दहा-अकरा मीटर लांबीची ही लाकडी होडी बांधताना कागदावर एक रेघही ओढत नाहीत. बांधणाऱ्या कारागिराला तिथल्या बोलीत 'आता-मोला' म्हणतात. कुठली फळी कुठे बसायची, तिचा बुंध्याकडचा भाग कुठल्या दिशेला यायचा, हे त्याच्या डोक्यात पिढ्यांपासून बसलेलं असतं. आधी बाहेरच्या फळ्या जोडायच्या आणि मग आतले वासे घालायचे. जोडकामात लोखंडी खिळा नाही, लाकडी खुंट्या आणि वेतासारखी बांधणी. डोलकाठी दोन पायांची. शीड गेवांग नावाच्या ताडजातीच्या पानांचं, चौकोन विणून एकमेकांना शिवलेलं. प्रत्येक होडी एका घराण्याची असते आणि तिला नाव असतं. ती फुटली, मोडली, तर नवी बांधतात आणि जुनंच नाव पुढे चालवतात. म्हणजे लाकूड बदलतं, होडी तीच राहते.

पुढच्या टोकाला बांबूची एक फळी समुद्रावर काढलेली असते. तिथे उभा राहतो तो लामाफा, भालाकरी. हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला लोखंडी काटा, काट्याला जाड दोर. होडी देवमाशाच्या अगदी पाठीजवळ आली की लामाफा भाला फेकत नाही. तो स्वतःच उडी घेतो. आपल्या अंगाचं सगळं वजन त्या काट्यावर टाकून तो देवमाशाच्या पाठीवर पडतो, आणि तिथून पाण्यात. मग पोहत परत होडीकडे यायचं. ज्या प्राण्याचा मोठा नर सोळा मीटरपर्यंत वाढतो आणि चाळीस टनांहून जड भरतो, त्याच्या शेपटीच्या टप्प्यात हे सगळं चाललेलं असतं.

देवमासा बुडी मारतो, दोर सरसरत जातो, आणि तो होडीला ओढत नेतो. कधी तासभर, कधी रात्रभर. १९९४ साली असाच एक देवमासा होड्यांना ओढत खूप दूर, तिमोरच्या दिशेने घेऊन गेला. होड्या गमावल्या, माणसं अन्नपाण्यावाचून समुद्रात राहिली आणि पर्यटकांच्या एका जहाजाने त्यांना उचललं म्हणून ती घरी आली. प्रत्येक वेळी जहाज येतंच असं नाही.

आता मला जे सांगायचं आहे तिकडे वळते.

देवमासा किनाऱ्यावर आला की तो कुणाचा असतो? ज्याने उडी मारली त्याचा? होडीच्या मालकाचा? लामालेरात याचं उत्तर कापायला सुरुवात होण्याच्या आधीच ठरलेलं असतं. प्रत्येक अवयवाला वाटेकरी आहे. लामाफाचा वाटा ठरलेला. वल्ही मारणाऱ्यांचा वाटा ठरलेला. ज्याने होडी बांधली तो 'आता-मोला' त्या दिवशी समुद्रावर गेला नसला तरी त्याचा वाटा आहे. भाल्याचा काटा घडवणाऱ्या लोहाराचा आहे. शीड शिवणाऱ्याचा आहे. होडीचं ज्या घराण्याशी नातं आहे त्या घराण्यातल्या माणसांचे आहेत. आणि डोक्याकडचा भाग जातो जमिनीच्या मूळ धन्यांकडे.

हे मूळ धनी कोण? गावाची परंपरा सांगते की आजच्या बहुतेक घराण्यांचे पूर्वज बाहेरून आले. सुलावेसीकडून निघाले, सेराम, आंबोन अशी बेटं करत लेपान बातान नावाच्या बेटावर स्थिरावले. ते बेट समुद्राच्या लाटेत गेलं, आणि उरलेली माणसं इथे येऊन लागली. इथे आधीपासून राहणाऱ्यांनी त्यांना किनाऱ्यावर जागा दिली. त्या जागेची परतफेड अजून चालू आहे, देवमाशाच्या प्रत्येक डोक्यासोबत. शिकारीचा हंगाम उघडण्याआधी डोंगरावर जाऊन देवमाशांना बोलावण्याचा विधीही या मूळ घराण्याच्याच हातचा आहे. आसरा दिलेल्याचे उपकार शेकडो वर्षं कापणीच्या सुरीने मोजून फेडणारं दुसरं गाव मला माहीत नाही.

हे ठरलेले वाटे घरी गेले की त्यांच्यातून पुन्हा वाटे होतात. बहिणीच्या घरी, सासरी, शेजारी. ज्यांचा माणूस समुद्रात गेला त्या विधवेच्या घरी, आणि ज्याचे गुडघे आता होडीत चढू देत नाहीत त्या म्हाताऱ्याकडे. मांसाच्या लांब पट्ट्या कापून घरामागच्या बांबूच्या मांडवावर उन्हात टांगतात. त्यांतून तेल ठिबकत राहतं, ते खाली धरून ठेवतात. अंगणातल्या त्या मांडवावर नजर टाकली तरी घरात पुढचे किती महिने निभावतील ते कळतं.

आणि मग शनिवार. शेजारच्या वुलांदोनीला शनिवारचा बाजार भरतो. लामालेराच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन तिथे जातात. टोपलीत सुक्या मांसाच्या पट्ट्या, सुकी मासळी, घरी काढलेलं मीठ, पानाला लावायचा चुना. डोंगरातल्या गावांच्या बायका वरून उतरतात, त्यांच्याकडे मका, केळी, कंदमुळं, भाजी, सुपारी. शिट्टी होईपर्यंत कुणी कशाला हात लावत नाही. शिट्टी झाली की देवघेव सुरू. पैसा मध्ये येत नाही. हिशोब सहा-सहाच्या मुंगा नावाच्या मापाने होतो, इतकी कणसं, इतकी केळी, त्याला एक पट्टी. भाव समुद्राच्या मर्जीप्रमाणे दर आठवड्याला उड्या मारत नाही. म्हणजे देवमाशाचा वाटा किनाऱ्यावर संपत नाही, तो डोंगरातल्या अशा घरांपर्यंत जातो ज्यांनी कधी वल्हं धरलेलं नाही. पुरुषांच्या उडीची छायाचित्रं जगभर गेली. गाव जगवतो तो मात्र बायकांच्या डोक्यावरचा हा भार, आणि त्याची छायाचित्रं फारशी कुणी काढत नाही, याची मला खंत वाटते.

या बायका कापडही विणतात. सूत रंगवण्याआधी ते जागोजागी बांधायचं, मग रंगात बुडवायचं, म्हणजे बांधलेली जागा कोरी राहते आणि नक्षी उमटते. निळा रंग निळीचा. तांबडा रंग आलाच्या मुळांचा, आपल्याकडे ज्याला बारतोंडी म्हणतात तेच झाड. नक्षीत होड्या येतात, मोठे पाकट मासे येतात. लग्नाच्या देवघेवीत मुलीकडून असं भारी कापड जातं आणि मुलाकडून हत्तीचा सुळा येतो. लेंबातावर हत्ती नाही, कधी नव्हता. ते सुळे जुन्या सागरी व्यापारातून आले. त्याच व्यापारातून गुजरातची पटोळी आली. ती इथल्या घराण्यांनी ठेव म्हणून जपली आणि लग्नाच्या कापडावर त्यांची नक्षी उतरली. एका टोकाच्या या गावाशी आपला संबंध काय, असं वाटलं तर पाटणचा तो धागा आठवावा.

ही शिकार किती जुनी? या बेटांवरचे लोक काट्याच्या भाल्याने देवमासे मारतात आणि तेल काढतात, असं १६२४ च्या एका पोर्तुगीज कागदात लिहिलेलं आहे. म्हणजे निदान चारशे वर्षं. यांत मारतात तो मुख्यतः स्पर्म व्हेल, त्यांच्या बोलीत कोतेकेलेमा. दात नसलेले, जबड्यात गाळणी असलेले मोठे देवमासे मारायचे नाहीत, कारण त्यांनी पूर्वजांना मदत केली अशी श्रद्धा आहे. वर्षाला सापडतात किती? एखाद्या वर्षी वीस-तीस, एखाद्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

१९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने या लोकांना सुधारित पद्धत शिकवायला नॉर्वेचा एक देवमाशांचा शिकारी पाठवला होता. तो प्रयोग टिकला नाही. पुढे १९८६ मध्ये व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी अमलात आली. ज्या जगाने यांना जास्त मारायला शिकवलं, त्याच जगाने थोड्याच वर्षांत मारणाऱ्यांकडे रागाने बघायला सुरुवात केली. २००९ साली सावू समुद्रात राष्ट्रीय सागरी उद्यान जाहीर व्हायचं होतं, तेव्हा लामालेराच्या लोकांनी विरोध केला आणि लेंबाताकडचं पाणी त्यातून वगळलं गेलं. २०१४ मध्ये इंडोनेशियाने मांटा या महाकाय पाकटांना पूर्ण संरक्षण दिलं. मांटा वाचायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण देवमाशांना खरं रितं केलं ते तेलासाठी जहाजं भरून मारणाऱ्या मोठ्या देशांनी, आणि त्याचा हिशोब पानांचं शीड लावणाऱ्या गावाकडे मागणं मला न्यायाचं वाटत नाही.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गावात जोनसोन आली आहे. इंजिन लावलेल्या होडीला तिथे जोनसोन म्हणतात, जॉन्सन कंपनीच्या इंजिनावरून पडलेलं नाव. इंजिन आलं तेव्हा गावात पुष्कळ वाद झाले. तोडगा निघाला तो असा, की जोनसोनने पेलेदांगला ओढत देवमाशापर्यंत न्यावं, मग दोर सोडावा, आणि पुढचं काम वल्ह्यांनी आणि उडीने व्हावं. चांगला तोडगा आहे. पण जोनसोन एरवी जाळी टाकायला जाते. पेट्रोल एकाचं, इंजिन एकाचं, जाळं एकाचं, मग मासेही एकाचेच. त्या जाळ्यात होडी बांधणाऱ्या 'आता-मोला'चा वाटा नाही. शीड शिवणाऱ्याचा नाही, कारण शीडच नाही. पेट्रोलला रोख पैसे लागतात आणि रोख पैसे वुलांदोनीच्या शनिवारी मिळत नाहीत, म्हणून मासळी शहराकडे विकायची. जाळ्यात मिळणाऱ्या माशांनी पोट भरेल, पोरं शिकतील, आणि ते त्यांना मिळायलाच हवं. फक्त त्या म्हाताऱ्याच्या मांडवावर काय टांगलं जाईल, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

गाव कॅथलिक आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि पूर्वजांनाही त्याने सोडलेलं नाही. दोन्ही एकत्र बघायचे तर हंगामाच्या सुरुवातीला तिथे असावं लागतं. हंगाम मेमध्ये उघडतो. त्याआधी घराघरांतली भांडणं मिटवायची असतात. लामाफाच्या घरात अबोला असेल तर भाला चुकतो, असं मानतात. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी सगळं गाव किनाऱ्यावरच्या लहानशा चॅपेलपाशी जमतं. समुद्रात गेलेल्यांसाठी प्रार्थना होते, त्यांची नावं घेतली जातात, मेणबत्त्या लागतात. ज्यांची प्रेतं सापडली नाहीत त्यांना दुसरं थडगं नाही. त्यांच्या बायका, आया, नातवंडं पाण्याकडे तोंड करून बसलेली असतात.

आणि १ मे रोजी सकाळी, त्याच वाळूत, पाद्री होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. मग एक ठरलेली होडी छपराखालून बाहेर काढतात. तिच्याखाली लाकडं टाकून, गाणं म्हणत, सगळे मिळून तिला पाण्यात ढकलतात. त्या दिवशी ती एकटीच जाते. बाकीच्या होड्या आपल्या छपराखाली थांबतात, आणि किनाऱ्यावरच्या बायका ते चौकोनी शीड दिसेनासं होईपर्यंत उभ्या राहतात.

नमस्कार.