कंपनी सरकार, मुक्काम अंजनवेल

(दृश्य: धोपावे–दाभोळ फेरीबोट, सकाळ)

वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. बोटीवर दोन जीप, एक टेम्पो, चारपाच मोटारसायकली आणि कोळणींच्या पाट्या. समोर दाभोळ. एके काळचं नामांकित बंदर. १५०८ सालच्या अखेरीस पोर्तुगीजांनी जाळलं. पण ज्या वीजप्रकल्पाला जग ‘दाभोळ’ म्हणतं, तो दाभोळात नाहीच. तो खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या बाजूला आहे. एवढी खाडी मधे आहे, हे प्रकल्प आणणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या ह्यूस्टनच्या ऑफिसातून कुणाला दिसलं नसावं.

(ड्रोन: सडा, चिमण्या, जेटी)

सायबरपंक, म्हणजे भविष्यात सरकारांऐवजी कंपन्याच राज्य करतात अशा कथांमधल्या महाकंपन्यांना काचेचे मनोरे लागतात, निऑनचे दिवे आणि न थांबणारा पाऊस. त्यातला पाऊस तेवढा इथे आहे. बाकी जांभा, काजू, सुरू आणि हा लोखंडी पसारा. एका राज्य सरकारला आणि एका केंद्र सरकारला दहा वर्षं नाचवायला तो पुरला. खरं तर पसाराही नाही, करार पुरला.

(दृश्य: कराराची पानं, जवळून)

जून १९९२. उदारीकरणाला जेमतेम वर्ष झालेलं. विजेचा तुटवडा, डॉलरचाही तुटवडा. एन्रॉनची माणसं आली आणि २० जूनला महाराष्ट्राच्या वीज मंडळाशी सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा नाही, स्पर्धा नाही. प्रकल्पासाठी काढलेल्या दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचे दहा-दहा. पुढच्या वर्षी जागतिक बँकेने हिशेब पाहिला आणि कर्ज द्यायला नकार दिला: वीज महाग, प्रकल्प परवडणारा नाही. जागतिक बँक काही खासगी कंपन्यांची वैरी नव्हे. तरीही ८ डिसेंबर १९९३ला वीस वर्षांचा वीज खरेदी करार झाला.

आता जरा सावकाश ऐका, कारण सगळी मेख या पानांत आहे. विजेच्या किमतीचे दोन भाग. एक इंधनाचा, जेवढी वीज घ्याल तेवढा. दुसरा क्षमतेचा, म्हणजे प्रकल्प सज्ज उभा आहे म्हणून द्यायचा. खाणावळ लावली, जेवा नाहीतर उपाशी राहा, महिन्याचे पैसे द्यायचेच, तसा. आणि खाणावळीचं बिल डॉलरशी बांधलेलं. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांच्या घरात होता. २००१ उजाडेपर्यंत शेहेचाळीसच्या पुढे गेला. हा धोका मंडळाच्या डोक्यावर, कंपनीच्या नाही. मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी. राज्याने थकवले तर केंद्राची प्रतिहमी. भांडण झालंच तर लवाद लंडनला. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने ही आकडेमोड त्या काळात मांडून दाखवली होती. ऐकणारे थोडे होते. आपल्या एका अधिकाऱ्यामार्फत एन्रॉनने अमेरिकी संसदेच्या समितीला सांगितलं, की भारतात लोकांना ‘शिक्षित’ करण्यावर आणि प्रकल्पाच्या जुळवाजुळवीवर दोन कोटी डॉलर खर्च झाले. कुणाचं शिक्षण झालं, ते प्रेक्षकांनी ठरवावं.

(दृश्य: विधानभवन, जुनी वर्तमानपत्रं)

१९९५च्या निवडणुकीत गोपीनाथ मुंडे सांगत फिरले, एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू. युतीची सत्ता आली. ३ ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशींनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. सरकार कंपनीपेक्षा मोठं असतं, असं वाटायला लावणारा तो दिवस. कंपनी लंडनच्या लवादात गेली. नोव्हेंबरात एन्रॉनच्या अधिकारी रिबेका मार्क मुंबईत बाळासाहेब ठाकरेंना भेटल्या. जानेवारीत प्रकल्प परत. रद्द झाला तेव्हा २०१५ मेगावॉटचा होता, परतला तो २१८४चा होऊन. आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही आता गळ्यात. मे १९९६मध्ये वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार जाता जाता प्रतिहमीला मंजुरी देऊन गेलं.

(दृश्य: वेलदूरचा धक्का, कोळंबी निवडणारे हात)

हे वेलदूर. खाडीत सोडलेल्या गरम पाण्याने मासळी जाईल, ही इथली भीती, म्हणून प्रकल्पाला विरोध. ३ जून १९९७ला पहाटे पोलीस शिरले तेव्हा बरेच पुरुष समुद्रावर होते. बायकांना घराबाहेर ओढून अटक झाली. सायबरपंक कथांमधल्या कंपनीची स्वतःची फौज असते. इथे फौज महाराष्ट्र सरकारचीच, राज्य राखीव दलाची, पण तिच्या बंदोबस्ताचे पैसे कंपनी भरत होती. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने जानेवारी १९९९च्या अहवालात हे नोंदवलं आहे.

(या दृश्यावर निवेदन नको. आठ सेकंद.)

(दृश्य: बंद फाटक, गंजलेली पाटी)

मे १९९९ला पहिला टप्पा सुरू झाला, नाफ्त्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर. तेल चढलं, रुपया पडला, मंडळ कमी वीज घेऊ लागलं आणि क्षमतेचे ठरलेले पैसे थोड्या युनिटांवर वाटले जाऊन काही महिने युनिट सात रुपयांच्या वर गेलं. तेव्हा मंडळालाही करार वाचायची बुद्धी झाली. जानेवारी २००१मध्ये थंड पडलेला प्रकल्प तीन तासांत पूर्ण क्षमतेला आला नाही, म्हणून मंडळाने कलम काढून ४०१ कोटींचा दंड लावला. कंपनीचंच हत्यार तिच्यावर उलटवल्याचा हा प्रसंग आमच्या मते या गोष्टीतला सगळ्यात गमतीचा. फेब्रुवारीत कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. मेमध्ये मंडळाने करार मोडला, प्रकल्प बंद पडला. २ डिसेंबर २००१ला एन्रॉननेच दिवाळखोरीचा अर्ज केला, अमेरिकेत, स्वतःच्या हिशेबातल्या खोटेपणापायी. सरकार जिंकलं असं म्हणता येत नाही. समोरचा रिंगणाबाहेर कोसळला.

२००५ला एनटीपीसी आणि गेल या केंद्राच्या कंपन्यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी निघाली. भारतीय बँकांची अडकलेली कर्जं आणि जनरल इलेक्ट्रिक, बेक्टेलशी झालेली तडजोड यांचा भार शेवटी इथल्याच पैशावर. एन्रॉन व्यवहारातल्या राजकारण्यांची आणि अधिकाऱ्यांची चौकशी मागणारं प्रकरण सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं पडून होतं. एप्रिल २०१९मध्ये कोर्टाने ते बंद केलं, फार काळ लोटला म्हणून.