अर्ज वाचणाऱ्याच्या बाजूने

मित्रहो, 1482 च्या सुमारास तिशीतल्या एका चित्रकाराने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी पत्र लिहिलं. चित्रकाराचं नाव लिओनार्दो दा विंची. पत्रात मुद्द्यांना क्रमांक घातलेले आहेत. सहज वाहून नेता येतील असे पूल, खंदकातलं पाणी उपसण्याची युक्ती, तोफा, भुयारं, झाकलेले युद्धरथ. चित्रकलेचा उल्लेख येतो तो दहाव्या मुद्द्यानंतर, अगदी शेवटी. इटलीतली राज्यं तेव्हा एकमेकांशी लढत होती आणि स्फोर्झाला काय हवं असेल, याचा अंदाज या माणसाने आधी बांधला होता. शिवाय स्फोर्झाच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा घडवण्याची तयारीही त्याने कळवली. म्हणजे त्या घराण्याच्या मनात काय चाललंय, हेही त्याला ठाऊक होतं.

आपले बहुतेक अर्ज नेमके इथेच फसतात. रेझ्युमे लिहायला बसलं की आपण स्वतःकडे बघत लिहितो. शाळा, कॉलेज, छंद, 'मेहनती', 'प्रामाणिक', 'टीममध्ये काम करण्याची आवड'. वाचणाऱ्याला मात्र एक जागा भरायची असते आणि समोर अर्जांचा ढीग असतो. पहिल्या चाळणीत एका अर्जाला काही सेकंदच मिळतात. म्हणून आधी जाहिरात वाचा, पेन्सिल घेऊन वाचा. कोणतं काम पुन्हा पुन्हा आलंय? कशाला 'आवश्यक' म्हटलंय आणि कशाला 'असल्यास उत्तम'? जे आवश्यक आहे ते तुमच्या पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात दिसलं पाहिजे.

लिओनार्दोचं एक मात्र उचलू नका. 'मी हे करू शकतो, मी ते करू शकतो' एवढंच तो लिहीत गेला. प्रात्यक्षिक दाखवायची तयारी त्याने कळवली होती, पण ती संधी आपल्याला मुलाखतीआधी मिळत नाही. त्यामुळे कागदावर केलेलं काम दिसायला हवं. 'ग्राहकसेवेची जबाबदारी सांभाळली' या वाक्यातून मला काहीही कळत नाही. त्याऐवजी असं बघा: 'रोज साधारण 40 तक्रारी हाताळल्या, वारंवार येणाऱ्या तक्रारींसाठी उत्तरांचे नमुने तयार केले, त्यामुळे दोन दिवसांनी जाणारं उत्तर त्याच दिवशी जाऊ लागलं.' आता माणूस डोळ्यांसमोर आला. आकडा नसेल तर ओढूनताणून आणू नका. काय होतं, तुम्ही काय केलं, काय बदललं, एवढं सांगितलं तरी पुरे. फ्रेशर असाल तर प्रोजेक्ट, इंटर्नशिप, एखाद्या कार्यक्रमाचे हिशेब सांभाळले असतील तर तेही, याच पद्धतीने लिहा. आणि 'मेहनती' खोडून टाका. आळशी आहे असं आजवर कुणी लिहिलेलं नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात. अलीकडचा अनुभव आधी, जुना नंतर. अनुभव कमी असेल तर एक पान, जास्त असेल तर दोन. दोन रकान्यांची रंगीत टेम्प्लेट्स दिसायला छान असतात, पण अनेक कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातो आणि अशा रकान्यांतला मजकूर तिथे एकमेकांत मिसळू शकतो. एक सोपी चाचणी करा. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे तो नीट क्रमाने वाचता आला तर ठीक. काहीच पेस्ट झालं नाही, तर तुमची फाइल म्हणजे नुसतं चित्र आहे.

नोकरीत खंड पडला असेल तर एका ओळीत कारण लिहा आणि पुढे चला. तारखा फिरवू नका, पडताळणीत ते उघड होतं.

आता पत्र. रेझ्युमेतलंच वाक्यांत लिहून पाठवलं तर ते कुणी का वाचावं? रेझ्युमेला जे सांगता येत नाही ते पत्राने सांगायचं: हीच जागा का, आणि तुमच्या कोणत्या कामाचा तिथे उपयोग होईल. 'आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळावी' हे वाक्य कुठल्याही दारात टाकता येतं. कंपनीचं नाव बदलून तेच पत्र दुसरीकडे चालत असेल, तर ते अजून लिहून झालेलं नाही. तीन छोटे परिच्छेद पुरतात. पहिल्यात पद आणि तुमचा सगळ्यांत जवळचा अनुभव, दुसऱ्यात एकच प्रसंग सविस्तर, तिसऱ्यात कधीपासून रुजू होऊ शकता ते. गयावया नको, घरची अडचणही नको. आभार एकदाच.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: एआयकडून पत्र लिहून घेतलं तर चालेल का? व्याकरण तपासून घ्या, लांबलेलं वाक्य आटोपशीर करून घ्या, हरकत नाही. पण पाठवण्याआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, 'हे जरा सविस्तर सांगा' असं मुलाखतीत म्हटलं तर मी यावर दोन मिनिटं बोलू शकेन का? जिथे अडखळाल ती ओळ काढून टाका.