पेजेच्या आधी अर्धा तास

श्रोतेहो, नमस्कार.

मी परिचारिका आहे. सत्तावीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी मेडिसिन वॉर्डात. आज मला बोलायचं आहे ते रुग्णाला घरी पाठवतानाच्या पाच मिनिटांबद्दल. तो प्रसंग तुम्हीही पाहिला असेल. डिस्चार्जचा कागद हातात आलेला असतो. मुलगा बिलाच्या खिडकीवरून धावत आलेला असतो, सून थर्मास आणि चादरी पिशवीत भरत असते, बाहेर गाडी उभी असते. आणि सिस्टर उभ्या उभ्या सांगते : ही गोळी सकाळी, ही रात्री, इंजेक्शन नाश्त्याच्या आधी अर्धा तास, पंधरा दिवसांनी ओपीडीत या. समजलं ना? सगळे माना डोलावतात. सिस्टर वहीत लिहिते, ‘रुग्णाला समजावून सांगितले.’

मीही कित्येक वर्षं हेच लिहीत होते. सत्तरीतल्या एका आजींनी माझी ती सवय मोडली.

आजींना मधुमेह, रक्तातली साखर फार वाढली होती म्हणून त्यांना भरती केलं होतं. इन्सुलिन सुरू झालं, दिवसातून दोनदा. घरी जाताना मी त्यांना सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्याला त्या म्हणत होत्या, “व्हय गो बाय.” मला वाटलं, किती समजूतदार बाई. चौथ्या दिवशी त्याच आजींना घेऊन १०८ची गाडी आली. अंग घामानं निथळत होतं, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. घरच्यांना वाटलं होतं घेरी आली, कोणी म्हणालं दृष्ट लागली. साखर तपासली तर चाळीसच्या आसपास.

आजी शुद्धीवर आल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदाच विचारलं, “आजी, सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता, मला सांगा.” त्या सांगू लागल्या. पहाटे उठायचं, कोरा चहा घ्यायचा. सकाळी उठल्यावर इंजेक्शन, म्हणून साडेसहालाच नातू ते टोचायचा. मग कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत जायचं, पाणी सोडायचं, पडलेल्या सुपाऱ्या गोळा करायच्या. आणि अकराला घरी येऊन पेज.

अकराला पेज! ‘नाश्ता’ हा शब्द मी वापरला होता. आजींच्या घरात नाश्ता नावाची गोष्टच नव्हती. चहा होता आणि पेज होती. माझ्या ‘नाश्त्याआधी’चा त्यांनी लावलेला अर्थ होता, ‘सकाळी’. इन्सुलिन एकदा शरीरात गेलं की ते आपलं काम करत राहतं, पोटात अन्न आलं की नाही याची वाट बघत नाही. साडेसहापासून अकरापर्यंत रिकाम्या पोटी, त्यात कुळागरातले कष्ट. साखर उतरणारच.

चूक आजींची नव्हती, नातवाचीही नव्हती. चूक माझी होती. मी सांगितलं होतं, पण शिकवलं नव्हतं.

डॉक्टरांशी बोलून आम्ही इंजेक्शनची वेळ त्यांच्या पेजेशी जुळवली. पेज दहाला घ्यायची, इंजेक्शन साडेनवाला. मग मी म्हटलं, “आजी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचं आहे. घरी गेल्यावर सुनेला हे कसं सांगाल?” आजी म्हणाल्या, “पेजेच्या आधी अर्धा तास. पेज चुलीवर तयार झाल्याबिगर सुई नाही.” ‘पेज तयार झाल्याबिगर सुई नाही’ हे माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं, आणि याहून बरं वाक्य मला आजवर सुचलेलं नाही.

तेव्हापासून ‘समजलं ना?’ हा प्रश्न मी सोडून दिला. त्या प्रश्नाला ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर नसतं. सिस्टरसमोर, डॉक्टरांसमोर ‘नाही समजलं’ म्हणायला आपल्या माणसांना संकोच वाटतो. त्याऐवजी मी म्हणते, करून दाखवा. सिरिंजमध्ये औषध भरून दाखवा. बोट ठेवून दाखवा, कुठे टोचणार.

असं करून दाखवायला लावलं की काय काय बाहेर येतं ते ऐका. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक करून एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी केशरी टोपणाची सिरिंज. दुकानात लाल संपली म्हणून कोणी केशरी घेऊन येतं आणि डोस २० युनिटचा असेल तर त्याच २० च्या रेषेपर्यंत भरतं. तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलटं झालं, १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरलं, तर जातात ५० युनिट, म्हणजे अडीचपट. जीव जाऊ शकतो. तेव्हा बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी बघा. चष्मा नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला बघायला सांगा.

गढूळ दिसणारं इन्सुलिन असेल तर बाटली दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवायची, खळखळ हलवायची नाही. पोटावर घेणार असाल तर बेंबीपासून दोन बोटं लांब, आणि रोज जागा थोडी बदलायची. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ होते. ती जागा दुखत नाही म्हणून माणसं मुद्दाम तिथेच टोचतात, गाठीतून औषध नीट शोषलं जात नाही आणि मग साखर का हलत नाही म्हणून डोस वाढत जातो. न उघडलेली बाटली फ्रीजच्या दारात, फ्रीजरमध्ये कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा जूनच्या वादळात दोन-दोन दिवस वीज नसते, त्यांनी बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाण्याच्या मातीच्या मडक्यात ठेवावी.

आणि साखर उतरली तर? घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम खूप भूक, माणूस विनाकारण चिडलेला. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही किंवा साखर अजून सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या, आणि मग काहीतरी खायला. बेशुद्ध असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तो श्वासनलिकेत जातो. १०८ ला फोन करा.

हे मी इतकं खोलात सांगते आहे कारण ते आपल्या घरातलं दुखणं आहे. आयसीएमआर-इंडियाब ही मधुमेहाची देशभरातली मोठी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. देशाचं प्रमाण ११.४ टक्के होतं. म्हणजे आपल्याकडे चार प्रौढांमागे एक.

भाषेबद्दलही बोलायला हवं. पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ साली सुरू झाली. शिकवणं पोर्तुगीजमध्ये होतं. आज आपले डिस्चार्जचे कागद इंग्रजीत असतात. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या आजोबांना देवनागरी येते, सासष्टीतल्या एखाद्या आजींना रोमी, म्हणजे रोमन लिपी येते, कोणाला अक्षरओळखच नसते. कागदावर ‘बीडी’ लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसातून दोनदा. हे त्यांनी कसं ओळखायचं? मी गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं सूर्य आणि चंद्र काढते. काही सहकाऱ्यांना ते पोरकट वाटतं. पण सूर्य-चंद्रामुळे चुकलेला रुग्ण मी अजून पाहिलेला नाही.

तुमच्या बाजूनंही एक गोष्ट करा. ओपीडीत येताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. खाजगी डॉक्टरांची, सरकारी दवाखान्यातली, मुलानं मुंबईहून पाठवलेली, सगळी. एक गृहस्थ मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या घेत होते, दोन वेगळी औषधं समजून. पिशवी टेबलावर ओतली तेव्हा कळलं.

पायांचं थोडक्यात. मधुमेहात पायांची जाणीव कमी होते. न्हाणीत भाणातलं, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्यातलं कढत पाणी पायावर घेतलं तरी कळत नाही. पाणी दुसऱ्या कोणीतरी कोपरानं बघावं. रोज रात्री तळवे बघावे, स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा धरावा. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी उपवास करणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण उपवासाच्या दिवशी नेहमीचाच डोस घेणं धोक्याचं ठरू शकतं.

माझ्या सहकारी सिस्टर ऐकत असतील तर त्यांनाही सांगते. मला माहीत आहे, एका पाळीत किती रुग्ण असतात, सलाइन संपत आलेलं असतं, फोन वाजत असतो. म्हणून शिकवणं डिस्चार्जच्या दिवसावर ठेवू नका. भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, तुम्ही स्वतः इंजेक्शन देत असताना, शेजारी नातवाला उभं करा. तिसऱ्या दिवशी त्याला भरू द्या, चौथ्या दिवशी टोचू द्या. वेळ तेवढाच लागतो.

आणि तुम्ही, श्रोतेहो, पुढच्या वेळी घरच्या कुणाला घेऊन निघताना गाडी पाच मिनिटं थांबू द्या. सिस्टरला म्हणा, “मी करून दाखवतो, तुम्ही बघा.” ती दमलेली असेल, पण थांबेल.

नमस्कार.