एकाच धाग्याचं कापड

अंगात टी-शर्ट असेल तर त्याची बाही जरा उलटी करा आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून दोन्ही बाजू बघा. बाहेरून व्ही अक्षरासारख्या उभ्या रांगा दिसतील आणि आतून आडव्या छोट्या छोट्या कमानी. हेच ते सुलट आणि उलट. घरात आज्जी किंवा मावशी एक सुई सुलट, एक सुई उलट करत बाळासाठी स्वेटर विणते ना, तुमचा टी-शर्ट अगदी त्याच टाक्यांचा बनलाय, फक्त धागा इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना ते लक्षात येत नाही.

मागावरच्या कापडाचं गणित वेगळं असतं. तिथे उभा ताणा आणि त्यातून खाली-वर जाणारा आडवा बाणा, आणि दोन्ही धागे जवळपास सरळ, त्यामुळे शर्टाचं किंवा साडीचं कापड कितीही ओढलं तरी फारसं ताणलं जात नाही. सुयांवरच्या विणकामाला एकच धागा पुरतो. त्याचा एक लूप करायचा, त्या लूपमधून पुढचा लूप ओढून घ्यायचा, मग त्यातून पुढचा, बस एवढंच. धागा कुठेच सरळ नाही, सगळीकडे वळलेला, म्हणून कापड ओढलं की लूप लांबट होतात आणि सोडलं की बरेचसे परत जागेवर येतात. साधा सुती धागा स्वतः काही ताणला जात नसतो, ताणला जातो तो त्याला दिलेला आकार, आणि मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. याची किंमतही आहे म्हणा, एक टाका सुटला की खालचे टाके एकामागोमाग एक सुटत जातात.

आता हे सुरू कुठे झालं? इजिप्तमध्ये खूप जुने लोकरी मोजे सापडलेत, साधारण तिसऱ्या ते पाचव्या शतकातले, सँडलचा पट्टा बसावा म्हणून अंगठा वेगळा केलेले. दिसतात अगदी विणल्यासारखे, पण ते दोन सुयांचं काम नाही. तिथे शिवायच्या सुईसारखी एकच सुई असते आणि प्रत्येक टाक्यातून अख्खा धागा ओढून काढावा लागतो, म्हणजे एका वेळी धागा घेणार हातभर, तो संपला की जोडायचा आणि पुढे जायचं, फार वेळखाऊ. खऱ्या दोन सुयांच्या विणकामाचे जे सर्वात जुने नमुने मिळतात ते पण इजिप्तचेच, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले, सुती, पांढऱ्या आणि निळीच्या रंगातले मोजे आणि तुकडे, आणि त्यावरची नक्षी इतकी सफाईदार आहे की हे काही कुणी नवशिक्यांनी केलेलं वाटत नाही, त्याच्या मागे आणखी जुनी परंपरा असणारच.

तिथून हे युरोपात पोचलं. स्पेनमध्ये बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठात राजपुत्र फेर्नांदोच्या कबरीत रेशमी विणलेली उशी मिळाली, हा राजपुत्र १२७५ साली वारला, आणि ख्रिश्चन राजपुत्राच्या त्या उशीवर अरबी अक्षरं विणलेली आहेत! अंदालुसियाचे, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनचे, मुस्लिम कारागीर किती बारीक काम करायचे त्याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

मग आले मोजे. त्या काळी पुरुष गुडघ्याच्या वरपर्यंत मोजे घालायचे आणि ते मागावरच्या कापडाचे शिवलेले असायचे, गुडघ्यावर चुण्या पडायच्या, टाचेला ढिले व्हायचे. विणलेला मोजा पायाला चिकटून बसतो. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये याची इतकी मागणी झाली की खेड्यापाड्यात हजारो गरीब घरं मोजे विणून पोट भरायला लागली.

आणि इथे येतो विल्यम ली, माझ्या मते या गोष्टीचा खरा हिरो. नॉटिंगहॅमशायरमधलं कॅल्व्हर्टन गाव, साल १५८९. याने पाहिलं की हाताने विणताना सगळे टाके एकाच सुईवर बसलेले असतात आणि एकेक करून काढावे लागतात. मग त्याने विचार उलटा केला, प्रत्येक टाक्याला स्वतःची वेगळी सुई दिली! इंचाला आठ सुया, एका रांगेत, प्रत्येकीचं टोक वाकवून आकडा केलेला. धागा सगळ्या सुयांवर आडवा टाकायचा, लोखंडी पातळ पट्ट्या तो सुयांच्या मधे दाबून लूप पाडतात, मग एक दांडी खाली येऊन सगळे आकडे बंद करते, जुने टाके त्यांच्यावरून घसरतात आणि नवे आत राहतात. अख्खी ओळ एका फेरीत. यंत्रमाग यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षं होती, हे लक्षात घ्या.

पण राणी एलिझाबेथने त्याला पेटंट दिलं नाही. हाताने विणणाऱ्यांचं पोट जाईल म्हणून नाकारलं असं सांगतात. ली फ्रान्सला गेला, तिथे राजा चौथा हेन्री पाठीशी उभा राहिला, आणि १६१० साली त्या राजाचाच खून झाला. पुढे चारेक वर्षांत लीही गेला, परक्या देशात, पदरात काही न पडता. त्याचा भाऊ मशीन घेऊन इंग्लंडला परतला आणि मग त्याच भागात हा धंदा वाढला.

पुढे १८११ मध्ये याच नॉटिंगहॅमशायरमध्ये कामगारांनी या विणायच्या मशीन, म्हणजे फ्रेम, फोडायला सुरुवात केली, तेच ते लुडाइट. लोक म्हणतात की ते मशीनला घाबरायचे. अहो, मशीन तेव्हा दोनशे वर्षांची जुनी होती, त्यांचे बापजादे तिच्यावरच बसून जगले होते! राग होता तो मजुरी पाडण्यावर, फ्रेमच्या भाड्यावर, आणि रुंद कापड विणून त्याचे तुकडे शिवून केलेल्या हलक्या मोज्यांवर, ज्यामुळे चांगल्या मालाचं नाव खराब होत होतं. १८१२ मध्ये फ्रेम फोडणाऱ्याला फाशी असा कायदा आला, त्याच्या विरोधात कवी बायरन हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बोलला, त्याचं तिथलं ते पहिलंच भाषण. कायदा तरीही झालाच.

नंतर १८४० च्या दशकात लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने छोटीशी झडप असलेली सुई काढली, जी टाका सरकला की आपोआप उघडते आणि मिटते, म्हणजे दाबायची दांडीच नको. आजच्या बहुतेक मशीनमध्ये हीच सुई आहे. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला गेलात तर गोल मशीन दिसतील, ३० इंच व्यासाची, इंचाला २४ सुया म्हटलं तर बावीसशेच्या वर सुया झाल्या, भोवती नव्वद-एक धागे एकदम आत जातात आणि खाली कापडाची नळी उतरत राहते. टी-शर्ट, बनियन, लहान मुलांचे कपडे, सगळं यातूनच. लोकरीच्या मालासाठी तसंच लुधियाना. पण तिरुप्पूरच्या रंगाईने नोय्यल नदीची पार वाट लावली, शेवटी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाला तिथले शेकडो रंगाई कारखाने बंद करायला लावावे लागले, त्यामुळे स्वस्त टी-शर्टबद्दल बोलताना ती नदीही मोजावी लागते.

१९९५ मध्ये जपानच्या शिमा सेकी कंपनीने अख्खा स्वेटर बाह्यांसकट, एकही शिवण न घालता विणणारं मशीन आणलं. एवढं सगळं झालं तरी क्रोशा मात्र अजून हातातच आहे. त्यात एका वेळी एकच टाका सुईवर असतो आणि नवा टाका कधी खालच्या ओळीत, कधी शेजारी, कुठेही घालता येतो, हे कारखान्यात जमेल असं मशीन अजून बाजारात आलेलं नाही. क्रोशे मशीन या नावाने जी मिळते ती वेगळ्याच प्रकारची वीण करते. म्हणून मॉलमध्ये तीनशे-चारशे रुपयांना क्रोशाचा टॉप दिसला तर तो एकतर मशीनवरची नक्कल असतो, नाहीतर कुठल्यातरी बाईने तो तासन्‌तास बसून विणलेला असतो, आणि मग तिला त्यातले किती मिळाले असतील याचा हिशोब तुम्हीच करा.