शाळेचा ग्रुप आहे, पण फोन कुणाच्या खिशात आहे?

नमस्कार मंडळी, काय म्हणताय, बरं आहे का सगळं? आज विषय शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा. हे ऐकूनच निम्मे पालक व्हिडिओ पुढं ढकलणार, मला माहितीय, कारण तो ग्रुप त्यांनी जूनमध्येच म्यूट करून टाकलाय, आणि तिकडं सर-मॅडमना वाटतंय की मेसेज टाकला म्हणजे पोचला.

मी स्वतः शिकवतो, इथंच कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्यात, आणि माझी पोरगी पण शाळेत आहे, त्यामुळं दोन्हीकडचे ग्रुप माझ्या फोनमध्ये वाजत असतात. शाळा सुरू झाली की कोण ना कोण शिक्षक विचारतोच, सर कुठलं ॲप वापरू, गूगल क्लासरूम करू का, टेलिग्राम बरं का, काय नवीन आलंय का. अहो ॲपचं नंतर बघू. आधी मला सांगा, पोराच्या घरात फोन किती आहेत, आणि सकाळी अकरा वाजता तो फोन असतो कुठं?

विषय हार्ड इथंच होतो बघा. आपल्याकडं लई घरात चांगला फोन एकच, आणि तो बाबांबरोबर बाहेर जातो. बाबा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, सेकंड शिफ्ट, घरी यायला मध्यरात्र. इचलकरंजीत यंत्रमागावर असले तर त्या खटखटाटात फोन वाजलेला कळत पण नाही. आईकडं साधा बटणाचा फोन. आता तुम्ही साडेअकराला ग्रुपवर अभ्यास टाकला, ते पोरगं बघणार कधी? रात्री फोन घरी येतो तेव्हा ते झोपलेलं असतं. आणि सकाळी वर्गात त्यालाच उभं करायचं, काय रे, ग्रुपवर टाकलं होतं ना, का नाही केलास?

म्हणून अभ्यास हा फळ्यावरच द्यायचा, वहीत लिहून घ्यायचा. ग्रुपवर टाकला तर जो गैरहजर होता त्याच्यासाठी. हे माझं ठाम मत आहे, कुणाला पटत नसलं तरी चालेल.

आता कामाचं. ॲडमिशनच्या वेळी, नाहीतर पहिल्या पालकसभेला, एक गूगल फॉर्म करा. प्रश्न साधे ठेवा. घरात स्मार्टफोन किती, दिवसा कुणाकडं असतो, घरी किती वाजता येतो, आईचा नंबर वेगळा आहे का, साधा फोन आहे का, मेसेज वाचायला बरा पडतो का ऐकायला, मराठी का हिंदी. हिंदीचं का विचारायचं, तर एमआयडीसीत नाहीतर मागावर कामाला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातनं आलेली माणसं आहेत, त्यांची पोरं आपल्याच शाळेत आहेत, पोरगं वर्षभरात मराठी बोलायला लागतं पण बापाला ती नोटीस वाचता येत नाही. आणि हा फॉर्म लिंक टाकून भरून मागू नका. ज्याच्याकडं फोन नाही तो लिंक कुठनं उघडणार? आपणच शाळेच्या दारात उभं राहायचं, पालक पोराला सोडायला आले की आपल्या फोनवर विचारून भरायचं, एकाला दोन मिनिटं लागतात. सगळी उत्तरं आपोआप गूगल शीटमध्ये जाऊन बसतात, मग फिल्टर लावला की कळतं, ह्या घरांना रात्री आठनंतर मेसेज, ह्यांना व्हॉइस, आणि ह्यांना साधा एसएमएस नाहीतर फोनच लावायचा.

एसएमएसला हसू नका. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन बघा, डेटा येतो-जातो, एसएमएस पोचतो.

बरं, आता ग्रुप. तुमच्या ग्रुपवर काय होतंय ते मी सांगतो. सर टाकतात, शुक्रवारी बारा वाजता सुट्टी. त्याच्याखाली ओके सर, ओके सर, धन्यवाद सर, जोडलेले हात, एकानं गुलाबाचं फूल, एकानं कुणाचा तरी वाढदिवसाचा बॅनर, आणि मूळ मेसेज गेला वर. मग रात्री नऊला एकजण विचारतो, सर शुक्रवारी शाळा किती वाजेपर्यंत आहे? मग परत सगळे ओके सर.

ह्याला औषध सोपं आहे. ग्रुपच्या नावावर टच करा, ग्रुप परमिशन्समध्ये जा, सदस्यांना मेसेज पाठवता येण्याचं बटण आहे ते बंद करा, झालं, आता फक्त ॲडमिन बोलणार. ही सोय 2018 पासून आहे ओ! तरी निम्म्या शाळा अजून उघडेच ग्रुप चालवतात. पालकांना वाईट वाटंल म्हणतात. वाईट वाटत नाही, सुटल्यासारखं वाटतं. ज्याला काय विचारायचं तो सरांना पर्सनलला विचारतो.

दुसरा प्रकार म्हणजे कम्युनिटी, म्हणजे व्हॉट्सॲपवर शाळेचे सगळे ग्रुप एका छताखाली, 2022 च्या शेवटी आलंय. त्यात घोषणांचा एक वेगळा ग्रुप असतो, आणि त्याचा फायदा लोकांना माहितीच नाही, की तिथं पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनला तेवढे दिसतात. साध्या ग्रुपमध्ये काय होतं, सगळ्या आयांचे नंबर सगळ्यांना उघडे. मग कुणाचा तरी काका, कुणाचा मामा ग्रुपमध्ये असतो, आणि हाय-हॅलो सुरू. बायका तक्रार करत नाहीत, गुपचूप ग्रुप सोडतात, आणि आपण म्हणतो पालकांना इंटरेस्ट नाही! पण एक लक्षात ठेवा, कम्युनिटीच्या आतले जे वर्गाचे वेगळे ग्रुप असतात त्यात नंबर दिसतातच. लपतात ते फक्त घोषणांच्या ग्रुपमध्ये.

वर्ग लहान असला तर ब्रॉडकास्ट लिस्ट पण चालते. 256 जणांपर्यंत जातं, प्रत्येकाला पर्सनल मेसेजसारखं मिळतं आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. अट एकच, समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला पाहिजे, नाहीतर मेसेज जातच नाही. म्हणून पालकसभेत समोर बसवून नंबर सेव्ह करून घ्यायचा, घरी जाऊन करतो म्हणणारा करत नसतो.

आता मेसेज लिहायचा कसा. [स्क्रीनवर दोन मेसेज शेजारी शेजारी]

डावीकडं बघा. "सर्व पालकांना कळविण्यात येते की, शाळेच्या प्रशासकीय कामकाजास्तव व वरिष्ठांच्या सूचनेनुसार" अशी सुरुवात आहे, आणि सुट्टी कधी ते सातव्या ओळीत सापडतंय. उजवीकडं, "शुक्रवार 11 जुलै. शाळा 12 वाजता सुटेल. डबा देऊ नका. न्यायला या." विषय संपला.

आणि "उद्या" लिहायचं नाही. कधीच नाही. वार आणि तारीख लिहा. रेंज उशिरा आली की मेसेज दुसऱ्या दिवशी पडतो, मग त्या घरात "उद्या" म्हणजे परवा होतो, आणि पोरगं सुट्टीच्या दिवशी दप्तर घेऊन शाळेच्या गेटवर.

पावसाळ्यात तर हे जास्तच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांला आली की इशारा, 43 ला धोका, हे आपल्याकडं पोरासोरांना पण पाठ आहे. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या पालकाला पाण्याची पातळी वाढायला लागली की झोप नसते, आणि बरोबर तेव्हाच ग्रुपवर सुट्टीच्या आदेशाचा फोटो फिरायला लागतो. आदेश खरा असतो पण मागच्या वर्षीचा! सही बरोबर, शिक्का बरोबर, तारीख कुणी बघत नाही. तर शिक्षकांनो, फोटो उघडून झूम करा, तारीख बघा, केंद्रप्रमुखांना नाहीतर मुख्याध्यापकांना विचारा, जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत पेजवर आहे का बघा, मग पुढं पाठवा. पालकांनो, शाळेच्या फक्त ॲडमिन बोलणाऱ्या ग्रुपवर आलं तर खरं, भावकीच्या ग्रुपवर आलं तर थांबा. आणि पुराच्या दिवसांत नुसती सुट्टी कळवून भागत नाही, कोण कुठं स्थलांतरित झालंय, पुस्तकं वाचली का भिजली, हे विचारायला फॉर्मपेक्षा फोन बरा.

मार्कांचं बोलूया. परीक्षा झाली की अख्ख्या वर्गाची मार्कलिस्ट फोटो काढून ग्रुपवर टाकायची पद्धत आहे. कृपा करून बंद करा. पहिल्या नंबरच्या आईला बरं वाटतं, पण खालच्या पाच पोरांच्या घरी त्या रात्री काय होतं? गावातली दूध संस्था बघा, दूध घातलं की लिटर, फॅट, दर लिहिलेली स्लिप ज्याची त्याला मिळते, शेजाऱ्याचं फॅट किती लागलं ते आपल्या स्लिपवर नसतं. तसं करा. वेळ जातो मान्य आहे, पण व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय म्हणून तयार मेसेज साठवता येतात, नाव आणि मार्क तेवढे बदलायचे.

हायस्कूलला गूगल क्लासरूम बरं पडतं, तिथं ज्याचे मार्क त्यालाच दिसतात. त्यात पालकांना रोज नाहीतर आठवड्याला ईमेल जायची सोय पण आहे, पोराचा कुठला अभ्यास राहिलाय, पुढं काय द्यायचाय सगळं त्यात येतं. पण त्याला शाळेचं गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनचं खातं लागतं, साध्या जीमेलवर ते होत नाही. आणि खरं सांगू का, आपल्याकडं किती पालक ईमेल उघडतात? लोकांचा ईमेल ज्या नेट कॅफेवाल्यानं काढून दिला, त्यालाच त्याचा पासवर्ड माहिती असतो. म्हणून शहरातल्या शाळांनी ते करा, बाकीच्यांनी त्याच्या नादाला लागू नका.

मत घ्यायला, म्हणजे पालकसभा शनिवारी का रविवारी, व्हॉट्सॲपचा पोल भारी आहे. पण पोलमध्ये कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. सहलीचे पैसे झेपतात का असला प्रश्न तिथं विचारू नका, कोण नाही म्हणून टच करणार चारचौघात? तो फॉर्मवर विचारा.

फोटोंचं पण सांगतो, ह्यावर वाद होतो. स्नेहसंमेलनाचे फोटो फेसबुकला, रील इन्स्टाला. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा आहे, त्यात 18 वर्षांखालचं सगळं पोरगं म्हणजे बालकच, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. तर ॲडमिशन फॉर्मबरोबरच एका कागदावर होय का नाही लिहून घ्या. पालक नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क, त्यावरनं पोराला कार्यक्रमातनं मागं बसवायचं नाही. तसंच व्हॉट्सॲपला वयाची अट 13 आहे, म्हणजे प्राथमिकच्या पोरांचे स्वतःचे ग्रुप काढू नका, पालकांचाच नंबर घ्या.

हे नियम एकट्या शिक्षकानं ठरवले की भांडण होतं. शाळा व्यवस्थापन समिती कशाला आहे? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि निम्म्या महिला पाहिजेत. तिथं बसून ठरवा, ग्रुप कसा चालणार, कोण ॲडमिन, किती वाजेपर्यंत मेसेज. ठरावात लिहा. मग गुड मॉर्निंगवाल्याला सरांनी बोलायची गरज नाही, समितीच बोलते.

आपल्या कोल्हापुरात तर पालकांना शाळेशी जोडायचं काम 1917 पासून चालू आहे! शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. आत्ताचे काही पालक म्हणतील सर एक रुपया घ्या, पण ग्रुपमधनं काढा.

शिक्षकांचं राहिलंच. रात्री अकराला मेसेज, सर पोरग्याचं पुस्तक सापडत नाही. सरांना पण घर आहे की. वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, फुकट आहे, त्यात अवे मेसेज, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, लावा, "शाळेसंबंधी मेसेजला संध्याकाळी 5 ते 6 उत्तर मिळेल, तातडीचं असेल तर फोन करा." समोरच्याला लगेच उत्तर गेल्याचं समाधान, तुम्हाला जेवायला मिळतं.

पालकांनी पण एक करायचं, नंबर बदलला की शाळेला सांगायचं. दिवाळीनंतर शिक्षकांनी यादी परत तपासा, कारण रिचार्ज संपला म्हणून सिम टाकून देणारी घरं लई आहेत, आणि ऊसतोडीच्या हंगामात बीडकडनं आलेल्या टोळ्यांची पोरं तुमच्या शाळेत बसत असतील तर त्यांच्या मूळ गावच्या सरांचा नंबर घ्या. टोळी परत गेली की पोरगं कुठपर्यंत शिकलंय ते त्या सरांना एका व्हॉइस नोटमध्ये सांगता येतं, ह्याला कुठलं नवीन ॲप लागत नाही.

आणि फोन फक्त तक्रारीलाच करू नका ओ! शाळेचा नंबर दिसला की पालकाच्या पोटात गोळा येतो, काय केलं आता ह्यानं. कधीतरी पोराला धडा वाचायला लावा, रेकॉर्ड करा, त्याच्या बाबांना पर्सनलला पाठवा. शिफ्ट सुटल्यावर टपरीवर उभं राहून ऐकतात, दोनदा ऐकतात, शेजारच्याला पण ऐकवतात.

तो फॉर्म मी तयार करून डिस्क्रिप्शनमध्ये टाकलाय. स्वतःची कॉपी करून घ्या, मग वापरा, नाहीतर तुमच्या पालकांची सगळी माहिती माझ्याकडं येऊन पडायची. आणि वरचं शाळेचं नाव तेवढं बदला.